कंदीलवाल्याचा आवाज

पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी माझ्या वडिलांचा आवाज ऐकला तेव्हा आधी कोणी हसलं नाही. व्हिडिओ कॉल होता. मी सौंसरला माझ्या घरी, बाकीचे तिकडे एका टेबलाभोवती. बाबांचं एक वाक्य वाजलं आणि सगळ्यांनी पडद्यावरच्या माझ्या चौकटीकडे पाहिलं, हसायचं की नाही ते माझ्यावर सोपवल्यासारखं. मी हसले. मग ते हसले, आणि एकदा सुटल्यावर पोट धरून हसले. मी गप्प बसले असते तर तेही गप्प बसले असते, असं मला आजही वाटतं. त्यामुळे ही लाज त्यांच्या वाट्याला घालता येत नाही. ती माझ्याकडेच राहते.

नीट सांगायचं तर पांढुर्ण्याच्या आमच्या घरातल्या टीव्हीपासून सुरुवात करावी लागेल.

बाबा संत्र्याच्या मंडीत एका अडत्याकडे कामाला होते आणि हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायचे. ढिगापाशी उभं राहून भाव चढवत न्यायचा, मागे सरकणाऱ्या व्यापाऱ्याला चिडवून पुढे आणायचं, कोपऱ्यात उभ्या बागवाल्याला नजरेनंच धीर द्यायचा. आवाज असा की फाटकाबाहेर चहा पिणाऱ्यालाही आजचा भाव कळावा. मोसमात घरी यायचे तेव्हा घसा पार बसलेला असायचा. हातपाय धुऊन ते टीव्हीसमोर बसायचे आणि माझा गेम खेळायचे. नागपूरच्या मामानं तो मला दिला होता, पण माझा तो फक्त नावाला.

त्यात एक बुटका माणूस कंदील घेऊन जमिनीखालच्या भुयारांत उतरायचा. कंदिलातलं तेल संपायच्या आत तिथे अडकलेल्या गावकऱ्यांना बाहेर काढायचं, एवढाच खेळ. त्या माणसाचं खरं नाव डब्यावर कुठल्याशा परक्या लिपीत होतं. आमच्या गल्लीत तो कंदीलवाला. तो बोलायचा नाही. त्या काळच्या गेममधले नायक बोलायचेच नाहीत. मग त्याच्या वतीनं बाबा बोलायचे, बसलेल्या घशानं. भुयारातल्या गावकऱ्यांना म्हणायचे, चाला बाप्पा, चाला, मांगं नका पाहू. खड्ड्यात पडले की स्वतःलाच शिव्या घालायचे. दिवसभर मंडीत ओरडून यांचं मन भरत नाही का, असं आई मला विचारायची, त्यांना नाही. मी त्यांना टेकून बसलेली असायचे. कंदीलवाला आणि बाबा ही दोन वेगळी माणसं आहेत हे मला बरेच दिवस पटलेलं नव्हतं.

पुढे त्या गेमचे आणखी एक-दोन भाग निघाले आणि तो बंद पडला. मोठ्या झालेल्या मुली जशा आपल्या बाहुल्या विसरतात तशी मी त्याला विसरले. बाबा नाही विसरले. वीज गेली की अजून म्हणायचे, कंदीलवाल्याले बोलवा.

लग्न होऊन मी सौंसरला आले. नवरा इथल्या शाळेत शिकवतो. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी बाहेरच्या देशांतले गेम मराठीत आणते. पात्रांनी काय बोलायचं ते मी लिहिते, पुण्यातले कलाकार ते बोलतात, मग गेममध्ये सगळं जागच्या जागी वाजतं का ते मी खेळून तपासते. शेजारणींना वाटतं, ही दुपारभर खेळते आणि वर पगार घेते. अगदीच चूक नाही त्यांचं.

या धंद्यात अलीकडे एक रीत पडली आहे. विस्मरणात गेलेला जुना गेम एकट्याच्या बळावर परत आणायला कोणी धजत नाही. मग चार-पाच जुन्या गेमचे नायक गोळा करायचे, त्यांच्यात आजचा एखादा लोकप्रिय नायक घालायचा आणि सगळ्यांना मिळून कुठल्यातरी शर्यतीत सोडून द्यायचं. ज्यांना वेगळा मांडव परवडत नाही त्यांचं सामूहिक लग्न लावावं तसं. लोकांना एखादा जुना चेहरा आवडला तर पुढे त्याचा स्वतःचा गेम निघतो. नाही आवडला तर तो आहे तिथेच राहतो. असा एक शर्यतीचा गेम आमच्याकडे आला. पात्रांची चित्रं उघडली तर छत्री धरून उडणारी राजकन्या, पाठीत किल्ली असलेला रोबो, आणि कडेला, नव्यानं रंगवलेला, पण हातात तोच कंदील घेतलेला आमचा माणूस.

मी लगेच बाबांना फोन लावला. ते नुसते हं हं करत राहिले, आणि ठेवता ठेवता विचारलं, "आता बोलते का तो?"

बोलणार होता. म्हणून मी आमच्या प्रमुख बाईंना सांगितलं की या माणसाचा मराठी आवाज माझे वडील गेली तीस वर्षं काढत आहेत. बाई माझ्याच वयाच्या, स्वभावानं मोकळ्या. त्यांना कल्पना फारच आवडली. घरीच रेकॉर्ड करून पाठवा म्हणाल्या.

इथे आमच्या मुलखाची एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही मराठी, पण मध्य प्रदेशातले. बाबांची शाळा हिंदी, कचेरी हिंदी, मंडीच्या चिठ्ठ्या हिंदी. मराठी घरात आणि ओट्यावर. फार पूर्वी पुण्याच्या एका लग्नात कोणी गृहस्थ त्यांना म्हणाले होते, एमपीचे असून बरं बोलता की मराठी. त्या माणसानं कौतुक केलं होतं असं आई म्हणते. बाबा त्यानंतर त्या लग्नात कोणाशी बोलले नाहीत. त्यामुळे आपला आवाज महाराष्ट्रात घरोघरी वाजणार हे कळल्यावर त्यांनी काय ठरवलं असेल ते मला आधीच कळायला हवं होतं. त्यांनी रेडिओवरच्या मराठी बातम्या लावून तसं बोलायचा सराव सुरू केला. आई फोनवर कंटाळून सांगायची की हे भाजी मागतानासुद्धा बातम्या देऊन राहिले.

मे महिन्यात ते आईला घेऊन बसनं सौंसरला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली, खिशात खडीसाखर. आवाज घुमू नये म्हणून आम्ही मधल्या खोलीत दोन खाटा उभ्या करून त्यांवर रजया टाकल्या होत्या. कूलर बंद, पंखा बंद. त्या उकाड्यात बाबा रजयांच्या मध्ये स्टुलावर बसले आणि मी लिहिलेली वाक्यं एकेक करून बोलले. ताठ, जड, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा. "घाबरू नका. मी पुढे आहे. माझ्या मागोमाग या." हे वाक्य त्यांनी कितीदा तरी पुन्हा घेतलं, कारण त्यांना त्यातला 'घाबरू' पसंत पडत नव्हता. खरं तर मला त्यांचं बोलणं थोडं कृत्रिम वाटत होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. घामानं निथळून गेले होते, पण चेहरा असा होता की कोणाला सांगवलं नसतं.

दोन वाक्यांच्या मध्ये मात्र ते आमचेच बाबा होते. आईनं दार ढकललं तर, "कोन होय? अंदर नको येऊ वो, काम चालू हाये." घसा सुकला तर, "थांब ना बाप्पा, पानी त पिऊ दे." आणि एकदा वरची रजई सुटून त्यांच्या डोक्यावर पडली तेव्हा आतून आवाज आला, "अरे बाप्पा, मेलो ना!" आम्ही तिघंही हसून हसून दमलो. मशीन चालूच होतं.

ते कापून टाकायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघांना बसवर बसवून आले आणि आळसानं जसंच्या तसं सगळं पाठवून दिलं.

पावसाळ्यात गेमची मांडणी बदलली. बाहेरच्या मालकांनी तो काही मुलांना खेळायला दिला होता. कंदीलवाल्याला कोणी ओळखलं नाही. हातात कंदील, बुटका, म्हातारा. मुलांना तो चौकीदार वाटला. मग त्यांनी त्याला खरंच चौकीदार करून टाकलं. शर्यतीतून काढला आणि रस्त्याच्या कडेला उभा केला. भरधाव गाड्या त्याला धडकतात, तो उडून पडतो, काहीतरी ओरडतो, पुन्हा उठून उभा राहतो. जुने खेळाडू ओळखतील आणि नवे हसतील, असा हिशेब. मेलेल्या गेमला उठवायचा हाही एक मार्ग असतो, हे मला माहीत होतं; अशा चार गेमचं मराठी मी स्वतः केलेलं होतं आणि त्या पात्रांबद्दल मला कधी काही वाटलं नव्हतं.

चौकीदाराला भारदस्त वाक्यं शोभत नाहीत. आवाजाचं काम बघणाऱ्या मुलाला माझ्या पाठवलेल्या फायलींत मधलं बोलणं सापडलं आणि त्यानं त्या मीटिंगमध्ये ते वाजवलं. अरे बाप्पा, मेलो ना. मी हसल्याचं सांगितलंच. पण तेवढ्यावर थांबले नाही. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे खरंच असं बोलतात? मी म्हणाले, जुने लोक बोलतात. नवरा आतल्या खोलीत वह्या तपासत होता. त्याला मी पाचच मिनिटांपूर्वी म्हटलं होतं, आवाज नको करू, माही मीटिंग चालू होऊन राहिली.

बाईंनी मला विचारलंही, तुमच्या बाबांना चालेल ना? चालेल, मी म्हणाले. मी बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, की तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून जे बोललात त्यातलं एक अक्षरही राहिलेलं नाही. राहिलं आहे ते रजईखालचं. आज सांगू, उद्या सांगू करत मी संत्री रंगावर येईपर्यंत वेळ काढला. बाबांचे फोन यायचे, कवा येऊन राहिला गेम, आणि मी म्हणायचे, काम चालू आहे.

दिवाळीनंतर गेम आला. तो टीव्हीला जोडायचा एक जुना डबा माझ्याकडे होता. तो घेऊन मी पांढुर्ण्याला गेले. ठरवून गेले होते की आधी बाबांना बाजूला घेऊन सगळं सांगायचं. पण दारात चपलांचा ढीग होता. बाबांनी मंडीतले जुने सोबती बोलावले होते, हमाल, अडते, एक-दोन बागवाले. आईनं चिवड्याच्या बश्या मांडल्या होत्या. बाबा पांढरा शर्ट घालून टीव्हीच्या बाजूला उभे होते, हर्रास सुरू करण्याआधी उभे राहायचे तसे. मी डबा जोडला.

पहिल्याच शर्यतीत राजकन्येची गाडी कडेला घसरली आणि कंदीलवाला हवेत उडाला. "अरे बाप्पा, मेलो ना!" खोली हसण्यानं भरून गेली. कोणी मांडी बडवली, कोणी म्हणालं, हा त आपला बुढाच होय, पक्का. पुन्हा लावा म्हणाले. मग मुद्दाम त्यालाच धडकायची चढाओढ लागली. "पानी त पिऊ दे." "अंदर नको येऊ वो." प्रत्येक वेळी लोक बाबांकडे वळून पाहायचे. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. आपला माणूस टीव्हीत बोलतो याचा आनंदच होता. बाबाही हसत होते. पण मी त्यांना ओळखते. मोसमभर कष्टानं पिकवलेला माल मातीमोल भावानं जात असेल आणि बागवाला शेजारी उभा असेल, तेव्हा बाबा असेच हसत हर्रास पुढे न्यायचे.

सगळे गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मी बश्या आवरत होते.

"ते मी चांगलं बोललो होतो ना," ते म्हणाले, "घाबरू नका वालं. ते कुठं गेलं?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. घरात आम्ही तिघंच होतो. पण त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आपल्याकडूनच काही चुकलं का अशी विचारणा होती, आणि ती मला सहन झाली नाही. मी वेळ मारून नेली. म्हणाले, ते शेवटी हाये बाबा. सगळ्या शर्यती जिंकल्या की मग येते.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बशी खाली ठेवावी लागली.

मग ते खेळायला बसले. सत्तरीतला माणूस, बोटं आखडलेली, आणि गेम मुलांसाठी बनवलेला, वेगाचा. रोज दुपारी जेवण झालं की बसायचे. सोबत्यांनाही त्यांनी सांगून ठेवलं होतं की खरं बोलणं शेवटी आहे. आई फोनवर सांगायची की हात दुखतो म्हणून रात्री तेल लावून घेतात आणि दुपारी पुन्हा तेच. राजकन्येला घेऊन खेळतात, म्हणाली, आणि त्या चौकीदाराला धक्का लागू नये म्हणून गाडी दुसऱ्या कडेनं नेतात, मग हरतात. मी बरं म्हटलं आणि दुसऱ्या विषयाकडे वळले.

मी काही केलं नाही असं नाही. बाईंना विचारून पाहिलं, ते एक वाक्य कुठे घालता येईल का, अगदी शेवटी, नावं येतात तिथे. त्यांनी मालकांना विचारलं. आता काही बदलणार नाही असं उत्तर आलं. बाईंना वाईट वाटलं. मला काय झालंय ते त्यांनी विचारलं आणि मी त्यांनाही नीट सांगितलं नाही. मध्ये एका रविवारी मी पांढुर्ण्याला जाऊन आले, सांगायचंच म्हणून. बाबा खेळत होते. मला पाहून सरकले आणि शेजारची जागा हातानं झाडली. मी बसले. पडद्यावर शर्यत सुरू होती आणि ते पूर्वीसारखे बोलत नव्हते. तोंड मिटून, मान पुढे काढून, नुसते जिंकायच्या मागे लागले होते. मी चहा पिऊन परत आले. बसमध्ये मला स्वतःची इतकी किळस आली की शेजारच्या बाईनं खिडकी हवी का म्हणून विचारलं.

थंडी ओसरत आली तेव्हा एका दुपारी बाबांचा फोन आला.

"संपला बाप्पा तुहा गेम," ते म्हणाले. "जिंकलो मी साऱ्या."

मग काय झालं, असं विचारायची वेळ त्यांनी येऊच दिली नाही.

"आलं ना ते. एकदम शेवटी आलं, तू म्हनली होती तसंच."

शेवटची शर्यत जिंकली की फटाके उडतात, गेम बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकतात, आणि मग पहिलं पान उघडतं. त्यात कोणीच काही बोलत नाही. या गेमचं सगळं मराठी मी केलेलं आहे आणि सगळा मी खेळून तपासलेला आहे.

"साफ आलं?" मी विचारलं.

"लय साफ. तुह्या आईनं बी ऐकलं." मागे आई होती. तिच्या भांड्यांचा आवाज थांबला. मग बाबा मंडीत दिवस संपल्यावर बागवाल्यांशी बोलायचे त्या हलक्या आवाजात म्हणाले, "मंडीतल्यायले बी सांगून टाकलं मी, ऐकलं म्हनून. आता तू त्याचा विचार नको करू, माय."

"हाव बाबा," मी म्हणाले. "नाई करत."